बिनविरोध नाशिक

1963 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत नाशिकमध्ये मतदान झालेच नाही. चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्रिपद स्वीकारलेले यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध निवडून आले. काळ युद्धाचा होता, विरोधकांनी समजूतदारपणा दाखवला, आणि नाशिककरांना त्याचा अभिमान वाटला. तो अभिमान मला समजतो. तरीही त्या न झालेल्या मतदानात एक नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे.

कारण हाच जिल्हा त्याआधी पंधरा वर्षे कडाक्याने भांडत होता. मार्च 1948 मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय नाशिकच्या अधिवेशनात घेतला. 1950 साली मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीत शेतकरी कामगार पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला. त्याच वर्षी सप्टेंबरात पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन नाशिकला भरले, आणि जातीयवादाला पक्षात थारा द्यायचा की नाही, या प्रश्नावर नेहरूंनी आपले सारे वजन पणाला लावले. हा देश कोणाचा आणि जमीन कोणाची, या दोन प्रश्नांवरचे हे वाद होते. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकने लोकसभेवर पाठवले ते काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी दादासाहेब गायकवाड यांना. मग सहाच वर्षांत सगळे शांत कसे झाले?

युद्ध हे उत्तर अपुरे आहे. ती लाट उभी करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते तसे हिंदू महासभावालेही होते. समाजवादी, शेकाप, रिपब्लिकन होते. मुंबईसह महाराष्ट्र या मागणीवर ते एक झाले, आणि ते एक होणे थोर होते. पण कसणाऱ्याच्या हाती जमीन द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, यावर समितीचे एकमत कधीच नव्हते. ते होणे शक्यही नव्हते. 1 मे 1960 ला मागणी पूर्ण झाली आणि समितीला धरून ठेवणारा धागाच उरला नाही. 1962 च्या विधानसभेत 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या होत्या. शेकापच्या 15, रिपब्लिकनांच्या 3.

शेकापची गोष्ट अधिक बोलकी आहे. दाभाडीचा प्रबंध मंजूर झाल्यावर पाच-सहा वर्षांत केशवराव जेधे, शंकरराव मोरे हे पक्षाचे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले. याला निव्वळ सत्तेचा मोह म्हणणे अन्यायाचे होईल. खेड्यातला बहुजन शेतकरी हा पक्षाचा पाया होता, आणि त्या शेतकऱ्याला जे हवे होते त्यातले बरेचसे काँग्रेस सरकार देऊ लागले होते. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कुळांना मालकीचा मार्ग मोकळा केला. सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. सोसायटीचे कर्ज, कारखान्याचे संचालकपद, पंचायत समितीचे सभापतिपद हे सगळे आता तालुक्याच्या गावी मिळू लागले. यशवंतरावांनी याला बेरजेचे राजकारण म्हटले. बेरीज खरी होती, तिने महाराष्ट्राला स्थैर्य दिले, आणि यशवंतरावांचे हे कर्तृत्व मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र ज्याच्याकडे थोडीफार जमीन होती, त्याचीच ती बेरीज होती. भूमिहीन तिच्यात मोजलाच गेला नाही.

केरळशी तुलना करून पाहावी. ते राज्यही असेच नवे, 1956 चे. तिथे 1957 च्या कम्युनिस्ट सरकारने कुळांना हुसकावण्यावर बंदी घातली, 1959 मध्ये ते सरकार बरखास्त झाले, पण जमिनीचा प्रश्न पक्षांमधली सीमारेषा म्हणून टिकला. म्हणूनच तो तिथे पुढे धसाला लागला. आपल्याकडे ती रेषाच पुसली गेली.

ती पुसू न देणारा माणूस नाशिकचाच होता. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब 1959 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह घेऊन उतरले, तेव्हा पडीक जमीन मागणाऱ्यांनी तुरुंग भरले. त्याच सुमारास रिपब्लिकन पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांच्या गटाला दादासाहेबांची ही वाट कम्युनिस्टांच्या वळणाची वाटली. घटनेची चौकट की रस्त्यावरचा लढा, असा तो वाद होता, आणि दोन्ही बाजू बाबासाहेबांचेच नाव घेत होत्या. मला दादासाहेबांची बाजू बरोबर वाटते. ज्याला सातबाराच नाही, त्याला घटनेतले हक्क बजावायला पायाखाली जमीन लागते, हे त्यांनी ओळखले होते. 6 डिसेंबर 1964 पासून त्यांनी तोच लढा देशभर नेला. पुढे 1967 च्या सुमारास त्यांनीही काँग्रेसशी समझोता केला. त्यांच्या पक्षाला त्यातून फारसे काही मिळाले नाही. फुटीमागून फूट मात्र होत राहिली.

पक्षांतराच्या आजच्या बातम्या वाचून जुना काळ तत्त्वनिष्ठांचा होता असे आपण म्हणतो. तेव्हाही माणसे पक्ष सोडत होती. फरक एवढाच की जाताना ती कूळकायद्याविषयी, सहकाराविषयी, आपल्या शेतकऱ्याला काय मिळणार याविषयी बोलत होती. आज आपल्या दारी येणाऱ्या उमेदवाराला निदान तेवढे तरी विचारावे: जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, मजुरीबद्दल तुमचा पक्ष दुसऱ्यापेक्षा वेगळे काय म्हणतो? जमिनीचा प्रश्न जुना झालेला नाही: 6 मार्च 2018 ला नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी पायी मुंबईला निघाले, आणि त्यांची एक प्रमुख मागणी होती, कसत असलेली वनजमीन नावावर करण्याची.