झीज आणि गंज
आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



मागच्या आठवड्यात पुण्याहून औशाला आलो. तुळजापूर सोडल्यावर गाडीच्या मागून खर्र खर्र आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना दाखवली. माझ्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत. चाक काढलं तर डिस्कची एक बाजू चकचकीत आणि दुसरी तांबडी, गंजलेली.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, आतला पॅड पार झिजून गेलाय, बाहेरचा तसाच नवा राहिलाय. पिन अडकलीय ओ. पिन सरकंना की एकच बाजू सगळा दाब खाती, दुसरी बसून गंजती."

डिस्क असते ओतीव लोखंडाची. रात्रीच्या पावसानेही तिच्यावर तांबूस थर येतो, पण चार वेळा ब्रेक दाबला की पुसला जातो. गाडीचा भार पुढे झुकतो म्हणून मागच्या ब्रेकला काम मुळातच कमी. त्यात पॅड टेकलाच नाही, तर गंज पुसणार कोण?

आता आजचे श्लोक बघा. भगवंत म्हणतात, जो फार खातो किंवा अजिबात खात नाही, फार झोपतो किंवा जागतच राहतो, त्याला योग साधत नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप, जागणं हे सगळं बेताचं, त्याचं दुःख योगाने जातं. इथे 'काम सोडा' असं कुठेही म्हटलेलं नाही. काम 'युक्त' असावं, एवढंच.

आपण काय म्हणतो? "ऑफिसमध्ये इतका झिजतोय, देवाला वेळ कुठून देऊ?" म्हणजे झीज हे आपलं गंजाचं कारण. पण मिस्त्रींनी दाखवलं ते वेगळंच होतं. झीज आणि गंज ही दोन दुखणी नव्हतीच, कारण एकच होतं, अडकलेली पिन. त्या ब्रेकला दट्ट्याही एकच असतो. पिन मोकळी असली की तोच दाब दोन्ही बाजूंना पोचतो, वेगळा जोर लागत नाही.

माझी पिन कुठे अडकलीय ते मला माहीत होतं. 'माझ्याशिवाय रिलीज जाणार नाही' हा अहंकार. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन मी लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून ऐकलं. आज अण्णा सातला हरिपाठाला बसतात तेव्हा मी वरच्या खोलीत कॉलवर असतो. आधी ते जिन्यातून हाक मारायचे. या वेळी चार दिवस हाकच आली नाही. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझी वाट बघणं सोडलं होतं.

मिस्त्रींनी पिना घासून साफ केल्या, ग्रीस लावलं. पॅड नवे टाकावे लागले. गंज वरवरचा होता म्हणून डिस्क वाचली. "अजून सहा महिने गेले असते तर खड्डे पडले असते," म्हणाले.

त्या संध्याकाळी पावणेसातला टीमला मेसेज टाकला आणि लॅपटॉप मिटला. खाली गेलो. अण्णांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त सतरंजीवर थोडं सरकून बसले. अर्ध्या ओळी मला आठवल्या नाहीत. रिलीज मात्र माझ्याशिवाय वेळेवर गेलं.

आजचा संकल्प : आपली पिन कुठे अडकलीय ते एकदा बघा. गंज वरवरचा आहे, तोवरच.

राम कृष्ण हरी.