चौतिसाव्या क्रमांकाचा मुलगा

२००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबकडे पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक होते. होतकरू पोरांमधून आधी एक उचलायचा, लगेच दुसरा उचलायचा आणि मगच बाकीच्या पंधरा क्लबांनी तोंड उघडायचं. हे भाग्य त्यांना हरण्यातून मिळालं होतं. सलग दोन हंगाम पाचपेक्षा कमी सामने जिंकणाऱ्या क्लबला तेव्हाच्या नियमानुसार यादीच्या डोक्यावर एक जादा निवड बक्षीस मिळे. मेलबर्न मुद्दाम हरत होता का, याची पुढे चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचा ठपका आला नाही, पण २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड मात्र झाला. हा निकाल कसा लावला हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

क्लबनं टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह यांना घेतलं. त्या वर्षीच्या अंदाजांतही हीच नावं आघाडीवर होती, त्यामुळे कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडनं डस्टिन मार्टिन घेतला. विसाव्यावर फ्रीमँटलनं नॅट फाइफ नावाचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेक ग्रेस या गहू पिकवणाऱ्या गावचा मुलगा घेतला. मार्टिन पुढे तीन विजेतेपदांचा मानकरी झाला आणि त्या तिन्ही अंतिम सामन्यांत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. फाइफनं हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलं. स्कली दोन हंगामांनंतर मोठ्या करारावर नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे गेला. ट्रेंगोव्हला विसाव्या वर्षी संयुक्त कर्णधार केलं गेलं. मग पायाच्या हाडाला तडा गेला आणि त्याची कारकीर्द परत रुळावर आलीच नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती फसलेल्या अंदाजाची नेहमीची गोष्ट झाली असती. पण मेलबर्ननं त्याच ड्राफ्टमध्ये चौतिसाव्या क्रमांकावर मॅक्स गॉन नावाचा एक उंच, अजून अंग न भरलेला मुलगाही घेतला होता. २०२१ मध्ये ५७ वर्षांचा दुष्काळ संपवून क्लबनं करंडक जिंकला तेव्हा कर्णधार हाच होता. म्हणजे ज्याच्यासाठी ते सगळं हरणं सार्थकी लागलं असतं, त्याला त्याच क्लबनं, त्याच दिवशी, आधी चार वेळा ओलांडलं होतं: पहिल्या, दुसऱ्या, अकराव्या आणि अठराव्या क्रमांकावर. मग आपलं पोर आपल्याला कळलं होतं असं त्यांनी म्हणायचं, की आंधळ्याच्या हाती लागलं असं?

माझं मत असं की दोन्ही चूक. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची पारख म्हणून जी सांगितली जाते, तिच्यात मुलाविषयीचं ज्ञान थोडं असतं आणि निवडणाऱ्या क्लबविषयीचं भाकीत जास्त. क्लब त्याला किती वर्षं धीर देईल, कोणत्या जागी खेळवेल, दुखापतीत कसा सांभाळेल, हे निवडीच्या क्षणी घडलेलंच नसतं. ते पुढे घडतं आणि मग मागे वळून त्या मुलाच्या अंगी चिकटवलं जातं. फसला तर मुलगा फसला. चमकला तर पारख्याची नजर.

हा खेळ आपल्याकडच्या बहुतेकांनी टीव्हीवर ओझरताच पाहिलेला असतो, तोही क्रिकेटच्या वाहिनीवर. मैदान मात्र ओळखीचं. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणेनं शतक ठोकलं, तिथेच सप्टेंबरच्या अखेरीस लाखभर माणसांपुढे या फुटबॉलचा अंतिम सामना होतो. एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू, वीस-वीस मिनिटांचे चार डाव आणि मधे मधे थांबलेलं घड्याळ धरून प्रत्यक्षात त्याहून बरेच लांबणारे. चेंडू लाथेनं मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. हवेत उडून प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवत झेलायचा. आणि अंगावर येणाऱ्यांच्या गर्दीत जमिनीवरून उचलायचा. या शेवटच्या गोष्टीला तिथले पारखी सर्वांत जास्त किंमत देतात. मोकळ्या जागेत मिळालेला चेंडू एक आणि गर्दीत घुसून काढलेला चेंडू दुसरा. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवले जातात. शिवाय डावा पाय चालतो का, दमल्यावर लाथ कुठे जाते, चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, हे बघायला माणसं अठरा वर्षांखालच्या सामन्यांना पावसापाण्यात कुंपणाला टेकून उभी असतात. व्हिक्टोरिया राज्यात डँडेनॉन्ग, बेंडिगो, गिप्सलँड, जिलाँग अशा भागवार संघांची स्पर्धा चालते. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात स्थानिक क्लबांचे कुमार संघ असतात. वर राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा.

या बघण्याबद्दल मला आदर आहे. बघणारी माणसं वर्षानुवर्षं तेच करतात, आणि एका मुलाचे पंधरा-वीस सामने पाहून झाल्याशिवाय बोलत नाहीत. गंमत सुरू होते ती ऑक्टोबरातल्या चाचण्यांपासून. वीस मीटर धाव (तीन सेकंदांच्या आत आली की कागदावर खूण), दोन किलोमीटर धाव, उभ्या जागेवरून उडी, धावत येऊन उडी, खांबांमधून वळणं घेत पळणं, उंची, वजन, हातांची लांबी. मग मुलाखती, मानसशास्त्रज्ञांचे प्रश्न, घरी भेट, आईवडिलांशी चहा. बैलबाजारात दात बघतात, खांदा दाबून बघतात, चार पावलं चालवून बघतात. जू मानेवर आल्यावर तो कसा ओढेल हे दलालही छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण दलाल निदान पूर्ण वाढलेला बैल विकतो. इथे जो मोजला जातोय त्याची उंचीही अजून ठरलेली नसते.

वाढीचा हा मुद्दा फार कमी बोलला जातो. ड्राफ्टचं वय ३१ डिसेंबरच्या रेषेनं ठरतं: त्या वर्षात अठरा पूर्ण होणारे सगळे एका रांगेत. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि त्या वयात वर्षभराचं अंतर म्हणजे खांद्यांची रुंदी. अभ्यासकांनी या लीगच्या निवडी तपासल्या तेव्हा कोवळ्या वयात घेतलेल्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं पारडं जड दिसलं. उशिरा, विशीनंतर घेतलेल्यांमध्ये ते उलटं झुकलेलं होतं. याचा अर्थ साधा आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी जो थोराड दिसला तो जिल्ह्याच्या संघात गेला, तिथे त्याला चांगला प्रशिक्षक मिळाला, चांगले सामने मिळाले, आणि अठराव्या वर्षी तो खरोखरच सरस झाला. पारख्यानं सरसच निवडला. फक्त ते सरसपण आधीच्या एका निवडीतून आलेलं होतं. गॉनसारखी दोन मीटरच्या पुढची पोरं तर याहून अवघड. चेंडू हवेत उडवल्यावर त्यासाठी झुंजणाऱ्या या रकमनांची शरीरं विशी ओलांडल्यावर जुळून येतात. गॉन २०११ मध्ये पहिला सामना खेळला आणि देशाच्या सर्वोत्तम संघात पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स आणि फ्रीमँटलचा २११ सेंटिमीटर उंचीचा ॲरन सँडिलँड्स हे त्यांच्या काळातले दोन दिग्गज रकमन तर मुख्य ड्राफ्टमधून आलेच नाहीत. दोघं उरल्यासुरल्यांच्या रुकी यादीतून वर आले.

२००१ च्या ड्राफ्टचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि तेही मला निराळ्या कारणासाठी आवडतं. हॉथॉर्ननं पहिला ल्यूक हॉज घेतला, सेंट किल्डानं दुसरा ल्यूक बॉल, वेस्ट कोस्टनं तिसरा क्रिस जड. जडच्या खांद्यांची तेव्हा काळजी होती. जड दोन ब्राउनलो पदकं घेऊन गेला. हॉज चार करंडकांत होता, त्यातल्या तीन वेळा कर्णधार. बरोबर कोण? वीस वर्षं वाद चालला, आणि चालतच राहील, कारण त्याला उत्तर नाही. जड हॉथॉर्नला गेला असता तर हाच जड झाला असता का, हे कुणी तपासू शकत नाही. त्याच वर्षी छत्तिसाव्या क्रमांकावर सॅम मिचेल गेला, ज्याच्याकडे आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कुणी बघितलंही नव्हतं. अठ्ठावन्नावर डेन स्वॉन. दोघांच्याही नावे पुढे ब्राउनलो. आणि जिलाँगनं आठव्यावर जिमी बार्टेल, सतराव्यावर जेम्स केली, चोविसाव्यावर स्टीव्ह जॉन्सन, चाळिसाव्यावर गॅरी एब्लेट धाकटा असे चौघं घेतले. जिलाँगचे निवड-प्रमुख स्टीफन वेल्स यांची नजर म्हणून हे चौघं आजवर सांगितले जातात. नजर होतीच. पण एकाच क्लबात चौघंही असे निघतात तेव्हा मला नजरेइतकाच त्या क्लबातल्या पुढच्या सहा वर्षांच्या रोजच्या सरावाचा संशय येतो. २००७ ते २०११ दरम्यानचे जिलाँगचे तीन करंडक त्या सरावातून आले.

एब्लेटची निवड तर निवड म्हणावी अशीही नव्हती. बाप गॅरी एब्लेट थोरला जिलाँगचा दैवत खेळाडू. ज्याचा बाप क्लबसाठी ठरावीक सामने खेळला त्याचा मुलगा त्याच क्लबला, हा नियम. आज ही संख्या शंभर सामन्यांची आहे. घराणेशाही म्हणून नाक मुरडायला आपल्याला आवडेल, पण तिथल्या प्रेक्षकाला हा नियम प्रिय आहे, आणि मला त्याचं कारण पटतं: बाकी सगळी पद्धत मुलाला क्लबशी नातं नसलेली वस्तू मानते, हा एकच नियम नातं मानतो. आता त्याची किंमतही मोजावी लागते. दुसऱ्या क्लबनं बोली लावली की घरच्या क्लबला गुणांच्या तक्त्यानुसार भरपाई करावी लागते. २०१५ मध्ये हा तक्ता आला तेव्हा पहिल्या क्रमांकाची किंमत ३,००० गुण होती. अशाच सवलतीचं दुसरं दार नव्या पिढीच्या अकादमींचं, मूळनिवासी मुलांसाठी आणि ज्यांच्या आई किंवा वडिलांचा जन्म आशिया वा आफ्रिकेत झाला अशा मुलांसाठी. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत स्थिरावलेल्या पुण्या-नाशिकच्या घरातला मुलगा या व्याख्येत बसतो. त्याचे आईवडील त्याला शनिवारी क्रिकेटला नेतात, हा भाग वेगळा.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला ड्राफ्टमधली एक गोष्ट चटकन जाणवत नाही. लिलावात खेळाडूला किंमत मिळते; इथे क्रमांक मिळतो. किंमत पुढच्या लिलावात बदलते. क्रमांक बदलत नाही. २००८ मध्ये मेलबर्ननंच पहिल्या क्रमांकावर जॅक वॉट्स घेतला. शाळेत शिकत असतानाच, जूनमधल्या एका मोठ्या सामन्यात, कॉलिंगवुडविरुद्ध त्याला उतरवलं आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यावर झडप घालून स्वागत केलं. तो पुढे १७४ सामने खेळला, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला येत नाही एवढी कारकीर्द. विसाव्या क्रमांकाच्या मुलाला ती पुरली असती. वॉट्सच्या नावामागे मात्र शेवटपर्यंत ‘पहिला क्रमांक’ लागून राहिला, कारण दुसऱ्यावर निक नायटानुई होता. शाळकरी पोराला त्या दिवशी उतरवायचं कुणी ठरवलं, हे कितीजणांना आठवतं?

शिवाय घर. मुलगा क्लब निवडत नाही. पर्थच्या मुलाला ब्रिस्बेनचं नाव पुकारलं गेलं की साडेतीन हजार किलोमीटर जाऊन राहायचं. २०२१ मध्ये नॉर्थ मेलबर्ननं पहिल्या क्रमांकावर घेतलेला दक्षिण ऑस्ट्रेलियाचा जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका हंगामानंतर ॲडलेडला, पोर्ट ॲडलेडकडे परतला. ‘घरओढ’ हा आता मुलाखतीतला अधिकृत प्रश्न आहे, आणि अठरा वर्षांच्या पोरानं त्याला काय उत्तर द्यावं असं विचारणाऱ्याला वाटतं, ते मला कधी कळलेलं नाही.

२०२० मध्ये साथीमुळे व्हिक्टोरियातली कुमार स्पर्धा झालीच नाही. पारख्यांनी आदल्या वर्षीची, सोळा-सतराव्या वर्षांची चित्रफीत बघितली आणि तरीही निवडलं. क्रमांक नेहमीच्याच ठामपणे पुकारले गेले. जे हातात आहे त्यावर किती बोलता येतं हे माणूस क्वचितच विचारतो. बोलायचं ठरलेलं असतं.

उपाय म्हणून वय एकोणीस करा, असं तिथे बरेच जण म्हणतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही. मी याच्या बाजूचा आहे. पण क्लब सहज मान्य करणार नाहीत, आणि त्यांचं कारण लबाडीचं नाही. एक वर्ष जास्त म्हणजे त्या वर्षाचा प्रशिक्षक, फिजिओ, भत्ता कुणाच्या खिशातून? आज तो खर्च क्लब करतो. राज्यांच्या स्पर्धांकडे तेवढे पैसे नाहीत, आणि कॉलेजांचे संघ हा प्रकार ऑस्ट्रेलियात अमेरिकेसारखा उभाच नाही. त्याऐवजी लीगनं २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावर एक छोटा ड्राफ्ट पुन्हा सुरू केला. रिचमंडनं त्यातून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळणारा सत्तावीस वर्षांचा मार्लियन पिकेट घेतला. बोट मोडलेलं असताना घेतला. त्यानं क्लबसाठी पहिला सामना खेळला तो थेट त्याच वर्षीचा अंतिम सामना. १९५२ नंतर असं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. रिचमंड ८९ गुणांनी जिंकला. पिकेट अठरा वर्षांचा होता तेव्हाही ड्राफ्ट झाला होता, आणि त्या वर्षीही अठरा वर्षांच्या मुलांविषयी सगळे क्लब आपापल्या यादीबद्दल निःशंक होते.