सेल्फ बदलायचा, पण ठरवायचं कोणी?

घोडेगावच्या कांदा मार्केटला निघालेली पिकअप चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज करते आणि गप्प बसते. 'सेल्फ गेला,' सगळे म्हणतात. स्टार्टर मोटरला आपल्याकडे सेल्फच म्हणतात. पण त्या 'टक्'मागे उतरलेली बॅटरी असेल, सैल टर्मिनल असेल, सोलेनॉइड असेल, नाहीतर मोटरमधले झिजलेले कार्बन ब्रश. ब्रश स्वस्त, अख्खा सेल्फ महाग.

मेकॅनिकला हे कळतं. गाडीवाल्याला बहुतेक वेळा कळत नाही. त्यात मागे कांद्याच्या गोण्या आणि पुढे लिलावाची वेळ. अशा वेळी ब्रशवर भागत असताना नवा सेल्फ बसवला, तर ती फसवणूक का? गाडी तर चालू झाली!

मेकॅनिकची बाजूही खोटी नाही. आज ब्रश बदलले आणि उद्या आर्मेचर जळालं, तर शिव्या त्यालाच. नव्या पार्टला निदान गॅरंटी असते.

म्हणजे दोन्ही उपाय बरोबर असू शकतात. मग चुकतं कुठे? पैसे एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, तोही न सांगता, इथे. पार्ट शंभर टक्के ओरिजिनल असला तरी. खोललेला सेल्फ समोर ठेवून, 'ब्रश गेलेत. एवढ्यात भागेल, पण खात्री नाही. नवा टाकला तर एवढे. बोला,' असं म्हणायला पाच मिनिटं लागतात. घाईतल्या माणसाला ती पाच मिनिटं देणं, हाच प्रामाणिकपणा.

मोबाईलच्या दुकानात, दवाखान्यात आपण रोज असेच अडाणी असतो. आणि आपल्या कामात कोणीतरी आपल्यासमोर.