मंद कोण?

देवासच्या आमच्या घरात २०१२ साली घेतलेला एक डेस्कटॉप संगणक आहे. गेली दोन वर्षे तो चालू करायचा म्हणजे आधी बटण दाबायचे, मग चहाचे आधण ठेवायचे, चहा पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे पडद्यावर बाण हलू लागे. शेवटी मी तो बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने तो उघडलाही नाही. म्हणाला, "अंकल, बुड्ढा हो गया है. नया ले लो."

मी संगणक परत घरी आणला, पण ते वाक्य काही मनातून जाईना. मी तीस वर्षे शिक्षकी केली आहे. मागच्या बाकावरच्या किती मुलांना मी असेच न उघडता 'मंद' म्हटले असेल! पुढे त्यांतल्या एकाला फळा दिसत नव्हता असे निघाले, तर एकाला घरून उपाशी यावे लागत होते असे. 'मंद' हे निदान नव्हे, तो निवाडा आहे. निवाडा द्यायला क्षणही पुरतो. निदानाला मात्र समोरच्याजवळ बसावे लागते.

धारहून भाचा आला होता, त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "मामा, आधी बघू तरी त्याला काय होतंय." त्याने पडद्यावर एक तक्ता उघडला. यंत्राचा कोणता भाग किती राबतो आहे ते त्यात दिसते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता आणि हार्ड डिस्क शंभर टक्के कामात बुडालेली होती. म्हणजे दिवाणजी गादीवर स्वस्थ, आणि दप्तरातला एकटा कारकून धावून धावून बेजार! चार जीबीची रॅम भरून वाहत होती. रॅममध्ये जागा उरली नाही की यंत्र हातातले कागद डिस्कवर ठेवते आणि लागतील तसे परत आणते. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर एक सुई सरकते आणि प्रत्येक कागद शोधायला सुमारे दहा मिलिसेकंद घेते. असे हजारो कागद एकदम मागितले, तर ती बिचारी काय करणार? त्यात यंत्र सुरू होताच आपणहून उठणारे पंधराएक प्रोग्राम होते. त्यांतले बहुतेक मीच कधीतरी 'हो, हो' म्हणत घरात घेतलेले.

पेटी उघडली तर पंख्यावर धुळीचा गालिचा. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपली चाल कमी करतो, हेही त्या दिवशी कळले. तेरा वर्षांत मी पडदा रोज पुसला, आत एकदाही डोकावलो नाही. मग मंद कोण?

या गावात राहणाऱ्याला इथे कुमार गंधर्वांची आठवण होणारच. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे बंद होते. एक फुप्फुस निकामी झाले. 'संपले' असा निवाडा तेव्हा देता आला असता. पण औषधोपचार झाले, सुश्रूषा झाली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. पुढे ते गायले ते उरलेल्या श्वासाला ओळखून. माणसाची आणि यंत्राची तुलना मी करत नाही. काय गेले आणि काय शाबूत आहे याची आधी नीट मोजदाद हवी, एवढेच मला म्हणायचे आहे.

भाच्याने प्रथम सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. मग फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली, धूळ काढली, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप बदलला. आता एक मिनिटाच्या आत यंत्र हजर होते. पत्नी म्हणाली, "म्हणजे नवाच की हो हा!" प्रश्न खरा होता. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाबद्दल हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांनाही हे कोडे नवे नाही. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासला आलेल्या घराण्यांचे काय काय बदलले! पोह्यांवर शेव आणि जीरावन आले, बाजारात भाजीची सब्जी झाली, नातवंडे भांडतात ती हिंदीत. पुण्याचे पाहुणे आमचे मराठी ऐकून हसतात. मग आम्ही तेच का?

त्याचे उत्तर मला एका फाइलीत सापडले. वडिलांच्या आठवणी मी फार पूर्वी टंकून ठेवल्या होत्या, त्या काळच्या एका मराठी फाँटमध्ये. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा अर्थहीन बुजबुजाट! त्या फाँटमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि फाँट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवतो. तो फाँट आमच्या जुन्या यंत्रातच होता. दुकानातल्या मुलाचे ऐकून यंत्र भंगारात दिले असते, तर अक्षरे राहिली असती, पण वडील वाचता आले नसते. आता तो मजकूर आम्ही युनिकोडमध्ये उतरवतो आहोत. भाचा रूपांतर करतो आणि मी जोडाक्षरे तपासतो. त्याला काही शब्द अडतात, मग तो विचारतो, "मामा, 'ओसरी' म्हणजे?" आणि मी सांगत बसतो. सुटे भाग बदलले तरी चालतात. ज्यासाठी यंत्र घरात आहे ते पुढच्या हाती वाचता यावे, म्हणजे ते तेच राहते.

दुकानातला मुलगा अगदीच चुकला होता असेही नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ च्या अटींत इतका जुना प्रोसेसर बसत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार आम्ही त्यावर करत नाही, इंटरनेटची तारही काढली आहे. प्रत्येक जुनी गोष्ट वाचतेच असे नाही. उद्या हाही जाईल. पण तेव्हा त्याला निरोप देताना काय बिघडले हे आम्हाला ठाऊक असेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलांना मात्र एवढेही मिळाले नव्हते.