तृणाची खानेसुमारी

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागराच्या उथळ तळाशी समुद्रतृणाची जी कुरणे पसरली आहेत, त्यांत मूळच्या वनस्पती किती, याची खानेसुमारी करावयास गेलेल्या संशोधकांनी 2022 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो वनस्पतिशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानालाही पेचात टाकणारा होता. कारण सुमारे 180 किलोमीटरांच्या पट्ट्यातून खुडलेले कोंब अनुवंशाने एकाच वनस्पतीचे निघाले आणि तिचे वय निदान साडेचार हजार वर्षे असावे, असा अदमास बांधला गेला. मूळ, खोड, पान, फूल असा भूचर वनस्पतीचा सगळा सरंजाम बाळगून समुद्रात नांदणारे हे तृण आहे. बोटाच्या रुंदीची त्याची पाने प्रवाहात लवतात, त्यांच्या आडोशाला गाळ बसतो व मासळीची पिले वाढतात, आणि वाळूखाली त्याचे आडवे खोड हरळीप्रमाणे वर्षाला 35 सेंटिमीटरपर्यंत सरकत नवे कोंब वर काढते.

तत्त्वज्ञानाचा पेच असा की, पुरुष, म्हणजे अनुभव घेणारा चेतन आत्मा, एक नसून अनेक आहेत हे सिद्ध करताना सांख्य दार्शनिकांनी जन्ममरणाचा दाखला दिला. पुरुष एकच असता, तर एकाच्या मृत्यूने सारेच मेले असते. येथे कोंब मरतो आणि वनस्पती उरते, तेव्हा मेले कोण? जैन दर्शनाने प्रत्येकशरीर आणि साधारणशरीर असे वनस्पतींचे भेद करून एका देहात अनंत जीवांची सोय लावली आहे खरी. परंतु एकाच वनस्पतीने असंख्य कोंब व्यापावेत, हा प्रकार त्याच्या नेमका उलट आहे.

एवढ्यावरून आत्मा एकच आहे हा अद्वैत वेदान्ताचा दावा शाबीत झाला, असे मात्र कोणी समजू नये. खोड मध्येच तुटले की दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे जगतात, आणि गाळाने प्रकाश अडून एक मेला तरी दुसऱ्याचे काही बिघडत नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांतही एकाच्या दाढेची कळ दुसऱ्याला लागत नाही. प्रयोगशाळेने दाखविलेले एकत्व घडणीचे आहे, म्हणजे सांख्यांच्याच परिभाषेत ते प्रकृतीच्या, जड द्रव्याच्या, दप्तरी नोंदले जाते. अनुभव घेणारा एक की अनेक, हा वाद त्या दप्तरी दाखलच होत नाही. जन्ममरणाचा दाखला हा सांख्यांचा एक साक्षीदार या तृणाने कच्चा ठरविला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्याने तो वेदान्त्यांच्या बाजूचा साक्षीदार होत नाही.