प्यायलं ते पोटात गेलं का?

रामनवमीला बेंगळुरूच्या चामराजपेठेत, बसवनगुडीत, मल्लेश्वरममध्ये ठिकठिकाणी मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पानक, ताक आणि कोसंबरी ठेवली जाते. पानक म्हणजे गूळ, सुंठ, वेलची घातलेलं पाणी; कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर. चैत्रगौरीचं पन्हं आणि कैरीची डाळ खाऊन वाढलेल्या मराठी माणसाला ही जोडी परकी वाटत नाही.

उपवासाच्या दिवशी मात्र आपल्याकडे एक गंमत चालते. साबुदाण्याची वाटी मोजली जाते. चहा, सरबत, रस यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. प्यायलं म्हणजे खाल्लं नाही, अशी ही सोयीची श्रद्धा. बेंगळुरूतच फ्रेझर टाऊनमधल्या रोजेदाराला सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही वर्ज्य. इफ्तारला गोड सरबत असतं, पण घोट हा आहारच, याबद्दल तिथे वाद नाही.

शरीर कुणाच्या बाजूचं? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा जणांना रोज ४५० कॅलरी जादा दिल्या: चार आठवडे जेली बीन्सच्या गोळ्यांतून, चार आठवडे गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्यावर माणसं इतर जेवण आपोआप कमी करत. सोडा प्यायल्यावर जेवण होतं तेवढंच राहिलं आणि वजन वाढलं. म्हणजे भूकही उपवासकऱ्यासारखीच फसते. चरबी फसत नाही. पंधरा माणसांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरं, पण ३०० मिलिलिटर कोलातली तीसेक ग्रॅम साखर पोळीभाजीची जागा घेत नाही, वर चढते, हे कुणीही ताटावर बसून पडताळू शकेल.

गुळाला पुण्याची सवलत मिळत नाही. उष्मांकांत तो साखरेच्या जवळपासच. पानकाला तारतो तो पंचांगातला दिवस आणि पेल्याचा आकार. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारला आहे, तो मापाच्याच मुद्द्यावर.

महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या गोष्टींत पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध येतात. फळं, रस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही २०१५ च्या मार्गदर्शनात अख्ख्या फळातली साखर रोजच्या साखरेच्या मर्यादेत धरत नाही, गाळलेल्या रसातली मात्र मोजते. एकादशीला ज्यूस सेंटरवर उभ्या राहणाऱ्या भाविकाला सवलतीच्या या दोन्ही याद्यांत आपला ग्लास सापडणार नाही.