मुळशीचे पाणी, देवनारचा कचरा

1927 साली मुंबईसाठी दोन गोष्टी सुरू झाल्या. मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा वीजकेंद्र आणि देवनारचे डंपिंग ग्राउंड. या दोन्हींचा संबंध सहसा कोणी लावत नाही. मला तो लावावासा वाटतो. शहराला हवी असलेली वीज दुसऱ्यांचे खोरे बुडवून आली आणि शहराला नकोसे झालेले सगळे गरिबांच्या दाराशी जाऊन पडले. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. धरण व्हायचे ते झालेच.

भिऱ्याला पुढे 150 मेगावॉटचा उदंचन संच बसला. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. विजेचा साठा करायची ही जुनी, भरवशाची रीत. सौरऊर्जा वाढू लागली तशी या साठ्याची निकड वाढली आहे, कारण सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. मोठा साठा सह्याद्रीतल्या तलावांतच होईल; भिवपुरी आणि शिरवता इथल्या नव्या उदंचन प्रकल्पांचे करार 2023 मध्ये झालेही. पण शहराने आपल्या वाट्याचा थोडा तरी साठा बॅटऱ्यांत, स्वतः नासवलेल्या जमिनीवर करावा, असे मला मनापासून वाटते.

याला कारण गोराई. मी बोरिवलीचा. खाडीकाठच्या 19.6 हेक्टरांवर 1972 पासून 2007 पर्यंत कचरा पडत राहिला आणि त्याचा सरासरी 26 मीटर उंचीचा डोंगर झाला. खाडीवरचा वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. दोरीवरच्या कपड्यांनाही तो वास लागायचा. पुढे त्या डोंगराला उतार दिला, वर अस्तर घातले, माती टाकून गवत लावले. आतला मिथेन नळ्यांनी खेचून जाळायची सोय झाली आणि त्याच्या कार्बन क्रेडिटपोटी आशियाई विकास बँकेकडून पालिकेला आगाऊ पैसेही मिळाले. पावसाळ्यात ती टेकडी कोकणातल्या कुठल्याही सड्यासारखी हिरवीगार दिसते. मात्र त्या हिरवळीखाली कचरा अजून कुजतो आहे, आणि कुजता कुजता खचतो आहे.

या खचण्याचा विचार आधी करायला हवा. अशा जमिनीवर सौर पॅनेल बसतात, पण त्यांचे खांब ठोकून चालत नाही. अस्तराला भोक पडले की पाणी आत शिरते आणि काळे होऊन खाडीकडे झिरपते. म्हणून पॅनेल काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभी करतात. बॅटरीचे तसे नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये बॅटऱ्या भरल्या की त्याचे वजन चाळीस टनांच्या घरात जाते. तो ठेवायचा तर कडेच्या टणक जमिनीवर, भरतीच्या पाण्याच्या वर उंच जोत्यावर, वायूच्या नळ्यांपासून लांब आणि अग्निशमन दलाचा बंब पोहोचेल अशा जागी. लिथियम बॅटरी एकदा पेटली की सहजी विझत नाही. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटले होते. तो धूर ज्यांनी छातीत घेतला त्यांना आगीचा धोका समजावून सांगावा लागणार नाही. यात काटकसर नको.

कचऱ्याची जमीन विजेच्या कामाला लावणे जर्मनीत हॅम्बुर्गने करून दाखवले आहे. गिओर्गस्वेर्डरच्या कचऱ्याच्या टेकडीतून 1983 मध्ये डायॉक्सिनसारखे विष झिरपताना सापडले. आज त्याच टेकडीवर पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत, आतला वायू शेजारच्या तांब्याच्या कारखान्याला जातो आणि लोक तिथे फिरायला येतात.

मुंबईला तर विजेच्या साठ्याची जास्तच गरज आहे. बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या वाहिन्या मोजक्या. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी त्या कोलमडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बॅटऱ्यांनी लोकल चालणार नाहीत, पण रुग्णालये आणि पाण्याचे पंप काही तास तरी सांभाळता येतील.

मुलुंडचे डंपिंग 2018 मध्ये बंद झाले. साधारण 24 हेक्टरांची ती जागा कचरा उपसून मोकळी केली जात आहे. देवनारची 124 एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे 2024 मध्ये ठरले. कचरा उपसून झाला तरी त्या मातीवर माणसांना झोपवायला माझे मन तयार होत नाही. तिथे बॅटऱ्या ठेवाव्यात. आणि त्या ठेवताना, ज्यांनी इतकी वर्षे धूर सोसला त्या वस्त्यांना स्वस्त विजेत आणि तिथल्या नोकऱ्यांत पहिला हक्क द्यावा. कचरावेचकांना तर आधी. नाहीतर मुळशीच्या मावळ्यांवर झाला तोच अन्याय पुन्हा होईल.

मुलुंडच्या जागेचा आराखडा हरकती-सूचनांसाठी आला, तर वाचकांनी एक अर्ज जरूर करावा. त्यात काही एकर विजेच्या साठ्यासाठी राखून ठेवा, एवढेच मागावे.